हिंसक खेळ आणि पालकांचा निवाडा

२०१९ च्या जानेवारी महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली. याचिकाकर्त्याचे वय होते अकरा वर्षे. कायद्याच्या दृष्टीने तो अज्ञान, म्हणून याचिका आईमार्फत केलेली. आणि मागणी अशी की, ‘पबजी’ नावाचा जो बंदूकबाजीचा खेळ मोबाइलवर खेळला जातो त्यावर बंदी घालण्यात यावी, कारण तो हिंसेला व आक्रमक वृत्तीला खतपाणी घालतो. पुढे न्यायालयाने त्या खेळातील मजकूर तपासून पाहण्यास केंद्र सरकारला सांगितले. मुलाच्या धिटाईचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्या कौतुकाखाली एक अस्वस्थ करणारी गोष्ट दडलेली आहे. कोणत्या वयाच्या मुलाने काय खेळावे हा प्रश्न आजवर घराच्या उंबरठ्याच्या आत सुटत असे. तो न्यायालयाची पायरी चढला, याचा अर्थ अनेक घरांत तो सुटेनासा झाला होता.

आणि सरकारच्या तोंडाकडे पाहत बसलेल्या पालकांच्या पदरात पुढील चार वर्षांत काय पडले? त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी मनाई हुकूम काढला आणि तो मोडून खेळणाऱ्या काही तरुणांना अटकही केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यांत हा खेळही गेला. परंतु त्यामागील कारण मुलांच्या मनावरील परिणाम हे नव्हते, देशाची सुरक्षितता आणि सार्वभौमत्व हे होते. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ असे नवे नाव धारण करून परत आला. आता त्यातील रक्त हिरवे झाले होते. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा गेला. मे २०२३ मध्ये पुन्हा अवतरला आणि या खेपेस अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा बरोबर घेऊन आला. शाळा, शिकवणी, अभ्यास आणि झोप वजा जाता शाळकरी मुलाच्या दिवसात तीन तास उरतात तरी कोठे? त्यास मर्यादा म्हणावयाचे की परवानगी, हे ज्याचे त्याने ठरवावे. मुद्दा असा की, बंदी आली ती पालकांच्या कारणासाठी आली नाही आणि उठली तीही त्यांना विचारून उठली नाही. आपले मूल हा खेळ खेळावयास योग्य आहे काय, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी कोणत्याच हुकुमात नव्हते. ते तेथे असणेही शक्य नव्हते.

हा वाद सर्वांत आधी आणि सर्वांत कडाक्याने लढला गेला तो अमेरिकेत. तेथील अनुभव आपल्याकडील शिक्षकांनी व पालकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा असा आहे. १९७६ साली ‘डेथ रेस’ नावाचा एक खेळ तेथील करमणूकगृहांत आला. पडद्यावर काडीसारख्या आकृत्या धावत, खेळणाऱ्याने त्यांना मोटारीखाली चिरडावयाचे आणि त्या जागी एक क्रूस उगवावयाचा. चित्रे इतकी ओबडधोबड, की आजचे मूल ती पाहून हसेल; तरीही त्या वेळी मोठी ओरड झाली. पुढे १९९२ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आला. यात हरलेल्या प्रतिस्पर्ध्याचे मुंडके कण्यासह उपटण्याची सोय होती. हा खेळ १९९३ मध्ये घरोघरच्या यंत्रांवर येताना एका कंपनीने रक्ताच्या जागी घाम दाखविला. दुसरीने रक्त राखले, फक्त ते एका गुप्त संकेतामागे ठेवले. तो संकेत मुलांना पाठ होता आणि रक्ताच्या आवृत्तीचा खप अधिक झाला. बाजाराने त्यातून जो धडा घ्यावयाचा तो घेतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकी सिनेटमध्ये या खेळांची झडती झाली, आणि कायदा होईल या भीतीने उद्योगानेच १९९४ मध्ये स्वतःचे मानांकन मंडळ उभारले. वेष्टनावर वयाचा शिक्का तेव्हापासून आला. युरोपातही २००३ पासून तीन, सात, बारा, सोळा व अठरा अशा वयांचे शिक्के सुरू झाले.

परंतु खरी कसोटी लागली ती कॅलिफोर्नियात. २००५ मध्ये त्या राज्याने अतिहिंसक खेळ अठरा वर्षांखालील मुलांना विकण्यास वा भाड्याने देण्यास मनाई करणारा कायदा केला. मोडणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते अर्नोल्ड श्वार्झनेगर. ज्यांचे अवघे नाव पडद्यावर माणसे लोळविण्यातून झाले, त्यांच्या हातून हा कायदा व्हावा, हा योगायोग मोठा गमतीचा खरा. कायदा अंमलात येण्यापूर्वीच न्यायालयाने रोखला आणि २७ जून २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो रद्द ठरविला.

या निकालपत्रात पालकांच्या प्रश्नाची जी चिकित्सा आहे ती न्यायालयाबाहेरही उपयोगी पडणारी आहे. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती स्कालिया यांनी असे दाखवून दिले की, मुलांच्या हाती आपण आजवर देत आलेल्या पुस्तकांत रक्तपात काही कमी नाही. ग्रिमबंधूंच्या कथांत चेटकिणीला भट्टीत ढकलतात, होमरच्या महाकाव्यात एकाक्ष राक्षसाचा डोळा जळत्या ओंडक्याने फोडतात. मग खेळांवरच राग का? पालकांना साहाय्य व्हावे म्हणून हा कायदा आहे, या राज्याच्या युक्तिवादाला त्यांनी दिलेले उत्तर अधिक मर्मभेदी होते. ज्या मुलांना मनाई होणार त्यांपैकी सर्वांच्याच आईबापांना ती हवी आहे असे नाही. तेव्हा हा कायदा पालकांच्या इच्छेला बळ देत नाही, पालकांची इच्छा काय असावी हे सरकार ठरविते आणि ते त्यांच्या नावावर खपविते.

विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्रायर यांनी उलट बाजूने तितकाच नेमका प्रश्न विचारला. तेरा वर्षांच्या मुलास नग्न स्त्रीचे चित्र विकावयाचे नाही, पण त्याच स्त्रीला बांधून, छळून ठार मारण्याचा खेळ विकावयाचा, ही कोणती व्यवस्था? आणि निकालाशी सहमत असूनही न्यायमूर्ती अलिटो यांनी एक इशारा देऊन ठेवला: पुस्तकात हत्या वाचणे आणि खेळात ती आपल्या हाताने करणे हा अनुभव एकच आहे, असे घाईने गृहीत धरू नये.

हा इशारा मोलाचा आहे, आणि आपल्याकडील परंपरेच्या उजेडात तो अधिक स्पष्ट होतो. मराठी मुलाचे कान हिंसेच्या कथांना अपरिचित नाहीत. भीमाने कीचकाचा गोळा केला, दुःशासनाची छाती फोडून रक्त प्राशन केले, हे त्याने पाच-सहा वर्षांचा असतानाच ऐकलेले असते. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा कोथळा बाहेर आला, हे शाळेत जाण्यापूर्वीच त्यास ठाऊक असते, आणि दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभारून तो त्यावर मावळे मांडतो तेव्हा त्याच्या मनात लढाईच चाललेली असते. या मुलांची माथी त्यामुळे फिरली असे कोणी म्हटलेले नाही. मग पडद्यावरच्या बंदुकीने काय मोठे बिघडते, असे विचारणाऱ्या पालकांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही.

त्याचे उत्तर हिंसेच्या प्रमाणात नाही, तिच्या भोवतीच्या गोष्टींत आहे. कीचकाची गोष्ट सांगणारी आजी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत असते. तो घाबरला तर ती तेथेच आवरते घेते, हसला तर आणखी दोन गदा मारविते. त्या वधाला कारण असते. द्रौपदीचा अपमान आधी घडलेला असतो. आणि महाभारत अठराव्या दिवशी संपत नाही. युद्धानंतर स्त्रीपर्व आहे. प्रेतांच्या राशींतून हिंडणारी गांधारी आहे. जिंकूनही राज्य नको म्हणणारा युधिष्ठिर आहे. मारलेल्या माणसाला आई असते, हे मुलास त्या कथेतच कळते. याउलट मैदानी चकमकीच्या खेळात शंभर जण उतरतात आणि अखेरीस एक जण अथवा एक तुकडी उरते. उरलेल्यांसाठी कोणी रडत नाही, कारण तेही पुढच्या डावात ताजेतवाने होऊन उतरणार असतात. सांगणारा कोणी नाही, थांबणारा कोणी नाही आणि मुलाच्या चेहऱ्याकडे पाहणारे तर कोणीच नाही. ही उणीव रक्त हिरवे केल्याने भरून येत नाही.

अर्थात, म्हणून हे खेळ खेळणारी मुले उद्याचे खुनी होतात, असा जो ग्रह अधूनमधून वर्तमानपत्री मथळ्यांतून पसरतो त्यास आधार नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आपला ठराव सुधारताना, हिंसक खेळ व प्रत्यक्ष हिंसक कृत्ये यांचा कार्यकारणसंबंध जोडण्यास पुरेसा पुरावा नसल्याचे नमूद केले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चौदा-पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलांच्या खेळण्याचा त्यांच्या आक्रमकपणाशी संबंध आढळला नाही; आणि तेथे मुलांच्या वर्तनाविषयी त्यांच्या पालकांनाच विचारले होते. विज्ञानाचा हा कौल मान्य करावयास हवा. परंतु त्यावरून पालकांनी हात झटकावेत, असे मात्र निष्पन्न होत नाही. खून होतो की नाही ही फौजदारी कायद्याची कसोटी आहे, घराची नव्हे. मुलास कोणते पुस्तक द्यावे, कोणत्या सोबत्यांत जाऊ द्यावे, हे ठरविताना कोणताही बाप ‘याने हा गुन्हेगार तर होणार नाही ना’ एवढेच पाहत नाही. याला आज हे समजेल काय, रात्री झोप लागेल काय, याच्या बोलण्यात काय उतरेल, हे तो पाहतो. तीच पाहणी खेळांच्या बाबतीत का थांबावी?

थांबते याचे एक कारण उघड आहे. पुस्तक आणि सिनेमा यांबाबत आईबापांना मुलापेक्षा अधिक कळते. खेळाबाबत मुलास त्यांच्याहून अधिक कळते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर भरू लागली तेव्हा ज्या घरांत एकच फोन होता तेथेही तो मुलाच्या हाती सोपवावा लागला, आणि वर्ग संपल्यावर तो हातातून परत आला नाही. दिवसभराचे काम आटोपून थकून आलेल्या आईला त्या फोनने तासभराची शांतता मिळवून दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिला दोष देणे सोपे आहे. पण आत काय चालले आहे ते तिला दिसत नाही, आणि दिसते ते नेमके चुकीचे दिसते, ही खरी अडचण आहे.

‘फोर्टनाइट’चे उदाहरण घ्यावे. हा २०१७ सालचा खेळ रंगीबेरंगी आहे, त्यात रक्त नाही, आणि युरोपात त्यावर बारा वर्षांचा शिक्का आहे. शिक्क्यावर विसंबणाऱ्या पालकास तो निर्धोक वाटावा. परंतु डिसेंबर २०२२ मध्ये या खेळाच्या कंपनीने अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाशी तडजोड करून ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. आयोगाचा आरोप बंदुकांविषयी नव्हता. लहान मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केली, अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय मुलांसाठी आपोआप चालू ठेवली, आणि कळा अशा मांडल्या की नकळत पैसे खर्च व्हावेत, असे ते आरोप होते. पालक बंदुकीकडे पाहत राहिले आणि धोका कानाला लावलेल्या यंत्रातून व खिशातून आत येत होता.

याची उलट बाजूही आहे. पोलंडमधील एका कंपनीने २०१४ मध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ नावाचा खेळ काढला. वेढा पडलेल्या शहरात अडकलेल्या सामान्य नागरिकांनी अन्न, औषध आणि ऊब यांसाठी काय काय करावे लागते, याचा तो खेळ आहे. म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातील धान्य चोरावे काय, असा प्रश्न त्यात खेळणाऱ्यापुढे येतो, आणि चोरले तर चोरणाऱ्याचे मन खचते. हिंसा येथेही आहे आणि ती अंगावर येणारी आहे. तरीही २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने हा खेळ अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांच्या शालेय वाचनसूचीत घेण्याचे जाहीर केले. खेळात युद्ध आहे, एवढ्यावरून काहीच ठरत नाही, हे दाखविण्यास याहून बोलका दाखला नसावा.

तेव्हा पालकांनी करावयाचे काय? एक दिवस मुलाशेजारी बसून तो खेळ त्याच्याकडून शिकून घेणे, याला दुसरा मार्ग दिसत नाही. अर्ध्या तासात पुष्कळ कळते. यात जिंकावयाचे म्हणजे काय करावयाचे, मारले जातात ते कोण, त्यांना चेहरा आहे काय, पलीकडून जो बोलतो आहे तो वर्गातला मित्र की कोणी अनोळखी, पैसे कोठे मागतात, आणि मध्येच थांबता येते काय. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण रोजची भांडणे तेथूनच उद्भवतात. चकमकीचा एक डाव सुमारे अर्धा तास चालतो आणि तो अर्धवट सोडला की तुकडीतील इतर तिघे उघडे पडतात. विसाव्या मिनिटाला ‘ताट वाढले आहे, ये’ अशी हाक आली की मूल खेकसते, आणि घरात मुलाला व्यसन लागल्याची बोलणी सुरू होतात. डाव सुरू होण्यापूर्वी हाक मारली असती तर ते तसेच वागले असते काय, हे आधी पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्यता दिलेल्या रोगसूचीत खेळाच्या व्यसनाचा समावेश आहे, परंतु त्या निदानासाठी सर्वसाधारणपणे वर्षभर टिकलेली, जगण्याची घडी विस्कटणारी लक्षणे लागतात. जेवणाला उशीर हे ते लक्षण नव्हे.

आणि शिक्का सरासरी मुलासाठी असतो. घरातील मूल सरासरी नसते. पंधरा वर्षांच्या भावास जे झेपते ते त्याच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या आठ वर्षांच्या बहिणीला झेपेलच असे नाही, आणि एकाच खोलीच्या घरात ती डोकावणारच. एखाद्या मुलाने घरात वा शेजारी खरोखरची मारहाण पाहिलेली असते. त्याला पडद्यावरील मारहाण निराळी दिसते. हे जाणणारी माणसे घरातच असतात.

पालकांनी ठरवावे असे म्हणताना सरकारला मोकळे सोडावे, असे मात्र नाही. ते मुलावर पहारा ठेवू शकत नाही, हे इतर देशांत दिसून आले आहे. दक्षिण कोरियाने सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर खेळबंदी करणारा कायदा २०११ मध्ये आणला आणि दहा वर्षांनी मागे घेण्याचे ठरविले. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी केवळ रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. आणि वडीलधाऱ्यांच्या नावाने खेळणारी मुले हुडकण्यासाठी कंपन्यांना चेहरे तपासण्यापर्यंत मजल मारावी लागली. परंतु माहिती पुरविणे हे सरकारचे काम आहेच, आणि आपल्याकडे ते झालेले नाही. चित्रपटांसाठी १९५२ चा कायदा आहे. २०२४ च्या नियमांनी सात, तेरा व सोळा अशा पायऱ्या आल्या. घरबसल्या पाहावयाच्या मालिकांनाही २०२१ च्या नियमांनी वर्गीकरण लागू झाले. २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा झाला, त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर आहे. हिंसेच्या खेळांवरील वयाचा शिक्का मात्र बहुतांशी निर्मात्यानेच भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून पडतो. त्याविषयी तक्रार करावयाची तर कोणापुढे, हे सामान्य कारकुनास कोण सांगणार?

शिक्का नीट असला आणि विक्रेत्याने तो पाळला तर त्याचा उपयोग होतो. अमेरिकेच्या त्याच व्यापार आयोगाने मुलांना गुपचूप दुकानांत पाठवून पाहिले, तेव्हा २००० साली शंभरांतील ८५ मुलांना प्रौढांचा खेळ विकत मिळाला होता. २०११ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत हे प्रमाण १३ वर आले होते, तेही कायद्यावाचून. परंतु तेथे गल्ल्यावर कोणीतरी माणूस होता. फोनवर गल्ला नाही. जन्मवर्ष विचारले की मूल आपले वय वाढवून मोकळे होते. म्हणून आपल्याकडे हवे ते अधिकृत आणि जबाबदार वर्गीकरण केवळ आकड्याचे असून चालणार नाही. खेळात काय आहे, कोणाशी बोलता येते, पैसे मागतात काय, डाव किती वेळाचा, हे चार ओळींत आणि साध्या मराठीत पालकांपुढे आले पाहिजे.

ते येईपर्यंत शाळांना थांबण्याचे कारण नाही. जून महिन्यात पालक-शिक्षक संघाच्या सभा होतात. गणवेश, शुल्क आणि घटक चाचण्या यांवर त्या संपतात. त्यांतील अर्धा तास या विषयाला काढणे अवघड नाही. घरातील फोनवर मुलांचे कोणते खेळ आहेत, त्यांची नावे जमलेल्यांपैकी किती जणांना सांगता येतील, एवढे शिक्षकांनी विचारावे; आणि वर झालेले हात मोजून मगच पुढचा विषय घ्यावा.